बाजू संपेपर्यंत

नियम तसा साधा होता. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, शेजारी बसलेल्याला हात लावायचा नाही. दाद द्यायचीच झाली तर नुसता हात वर करायचा. आणि हे असं का, ते कधीच विचारायचं नाही.

कृतिकाने तो पहिल्याच दिवशी मोडला. लहान होती, बाबांचं बोट धरून विठ्ठलवाडीला पंढरीकाकांकडे गेलेली. रेकॉर्डवर कुणीतरी सॅक्सोफोन वाजवत होता आणि तिने सरळ विचारलं, "बाबा, हा माणूस रडतोय का?" खोलीतली सगळी तोंडं तिच्याकडे अशी वळली, जणू ती चप्पल घालून देव्हाऱ्यात शिरली होती. घरी येताना रिक्षात बाबा हसत म्हणाले, "रडतंय पन आनि वाजवतंय पन गो बाय. दोनी एकच हाय त्याला."

तिचे बाबा, कमलेश, हे त्यांच्या सगळ्या भावकीतलं एक न सुटलेलं कोडं होतं. आजोबांनी मिठागरात पाय झिजवले. बाबांच्या वाट्याला जमीन आली, जमिनीवर टॉवर आले, आणि टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये बाबांनी आर्मस्ट्राँग आणि बिली हॉलिडे हे अमेरिकेतले जॅझवाले आणून बसवले. तरुणपणी ते कल्याणच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमास्तर गोव्याचा. वरात पोचवून आल्यावर तो आपल्या खोलीत जुन्या रेकॉर्डी लावायचा, आणि दमलेली पोरं झोपून गेली तरी बाबा भिंतीला टेकून ऐकत राहायचे. तिथून हे वेड लागलं ते सुटलं नाही. भाऊबंद थट्टा करायचे, "कमल्या, हलदीला तरी नीट गानी लाव रे! ही कसली पिपानी?" बाबा हसायचे. पण जे आपल्याला जिवापाड आवडतं त्याबद्दल बोलायला अख्ख्या गावात एक माणूस नसणं, हे काय असतं ते कृतिकाने त्यांच्या पाठमोऱ्या बसण्यात पाहिलं होतं. म्हणून दर रविवारी दुपारी ते विठ्ठलवाडीला जायचे. तिथे त्यांच्यासारखीच तीन माणसं होती.

आणि गेल्या वर्षी, त्याच खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. "ऐकता ऐकता गेला. भाग्यवान," असं ती मंडळी स्मशानात म्हणाली. तो 'भाग्यवान' शब्द कृतिकाच्या चपलेत शिरलेल्या खड्यासारखा वर्षभर टोचत राहिला.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आई म्हणाली, "यांचं ते मशीन तेवढं घेऊन ये काकांकडून. घरात असूदे. आनि भांडू नको तिथं."

"मी कुठे भांडते?"

"तू पानी मागतेस ते पन भांडल्यासारखं मागतेस."

मशीन म्हणजे बाबांचा रेकॉर्ड प्लेअर. आपल्या हाताने दुरुस्त केलेला, लाकडी पेटीतला. मंडळींना ऐकायला बरा म्हणून त्यांनी तो पंढरीकाकांकडेच ठेवला होता. जायचं, उचलायचा, रिक्षात घालायचा आणि यायचं. एवढंच काम.

ऑक्टोबरची दुपार होती. रस्ता तापून पांढरा पडलेला. पंढरीकाकांची बिल्डिंग पुनर्विकासाला गेलेली, त्यामुळे बाकीचे भाडेकरू केव्हाच निघून गेले होते. दारांवर नुसत्या नावांच्या पाट्यांच्या फिकट चौकटी राहिल्या होत्या. कुठल्याशा उघड्या फ्लॅटमध्ये नळ ठिबकत होता. जिन्यात ओल्या चुन्याचा वास. वरच्या मजल्यावर तेवढं एक दार राहतं होतं, आणि दाराखालच्या फटीतून उजेडाऐवजी गार हवेची एक रेघ तिच्या घोट्यांना लागली.

"ये," पंढरीकाका म्हणाले. कधीकाळी कारखान्यात इंजिनिअर असलेला हा माणूस वर्षभरात अर्धा झाला होता. "तुझ्या आईचा फोन आला होता. मशीन न्यायला आलीस ना?"

"हो. खाली रिक्षा थांबवलीय, काका."

"रिक्षा थांबेल गं. बस जरा."

खोली तशीच होती. खिडक्यांना आतून गाद्या ठोकलेल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. भिंतींना रेकॉर्डी, जुन्या पुठ्ठ्याचा आणि डांबरगोळ्यांचा वास, आणि मधोमध बाबांचं मशीन. भोवती वेताच्या चार खुर्च्या. एका खुर्चीत महिपतकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले मोटरमन. दुसरीत लक्ष्मीताई, कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या. तिसरी पंढरीकाकांची. चौथी स्पीकरच्या बरोब्बर समोर, मोकळी. तिच्या वेताला बसून बसून पडलेला खोलगटपणा अजून तसाच होता.

"तिथे बस," लक्ष्मीताई म्हणाल्या.

"नको. मी उभीच बरी."

"आजकालच्या मुलांना अर्धं मिनिटसुद्धा एका जागी बसवत नाही."

"आणि तुम्हाला एवढी वर्षं त्याच त्या रेकॉर्डी पुरतात," कृतिका म्हणाली.

महिपतकाका खुदकन हसले. "कमलेशची पोरगी शोभतेस. तोंड मात्र आईचं घेतलंस."

"काका, मशीन."

पंढरीकाकांनी चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात, देवळात बोलावं तसं म्हणाले, "देता येणार नाही गं. तो अजून ऐकतोय."

"कोण?"

"तुझे बाबा."

खाली नळ ठिबकत असणार, पण इथे काहीच ऐकू येत नव्हतं. गाद्यांनी सगळं पिऊन टाकलं होतं.

पंढरीकाकांनी कव्हरातून एक रेकॉर्ड काढली. अमेरिकेतल्या कुठल्याशा तळघरातल्या क्लबमध्ये, लोकांसमोर वाजवताना केलेली. वाजवणाऱ्याचं नाव जग विसरलं होतं, या चौघांनी तेवढं जपलं होतं. "यात ऐकणारी माणसंसुद्धा ऐकू येतात," ते म्हणाले. "पेल्यांची किणकिण, कोणाचा खोकला, एक बाई हसते. त्या माणसांचा मला आयुष्यभर हेवा वाटला बघ. आपण काय केलं? दाराच्या फटीतून दुसऱ्याचं लग्न पाहिलं. त्या खोलीत आपल्यातल्या कोणाचा पाय लागला नाही... कमलेशचा लागला. पहिल्या रांगेत आहे. दर रविवारी आवाज येतो त्याचा."

"बाबांना मी जळताना पाहिलंय, काका." तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "असलं काहीतरी बोलू नका."

"शब्द लागत नाहीत," लक्ष्मीताई म्हणाल्या, "पण आवाज त्याचाच. सुखात आहे तो. आम्ही वाट बघतोय, आमचा नंबर केव्हा लागतो याची."

भीती वाटली की कृतिकाला राग यायचा, लहानपणापासूनचं होतं ते. "बाबा गेले तेव्हा हीच रेकॉर्ड चालू होती?"

"हीच."

"बाजू संपल्यावर गेले ना?"

महिपतकाका आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"लक्ष्मीताई?"

"मधे... त्याने हात वर केला," लक्ष्मीताई म्हणाल्या. "ती जागा त्याच्या फार आवडीची. सूर खाली येता येता थांबतो ना, तिथे तो नेहमी हात करायचा. आम्हाला वाटलं, दाद देतोय. म्हणून आम्हीही केले."

"तुम्हीही हात वर केले."

"हो."

"आणि मग?"

"मग त्याचा खाली आला."

"मला जरा शंका आलेली," महिपतकाका पुटपुटले. "हात नेहमीसारखा नव्हता. बोटं हवेत काहीतरी पकडायला बघत होती. पण बाजू अर्धी राहिली होती... आणि नियम..."

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, जरा लवकर आणलं असतं तर. आईने ते ऐकून घेतलं होतं आणि पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं. कृतिका आता त्या तीन म्हाताऱ्या तोंडांकडे बघत होती आणि तिला कळत होतं की, माणूस मेला तो हृदयविकाराने नाही. तो यांच्या शिस्तीने मेला. माणूस बुडत होता आणि काठावरून ही मंडळी त्याला वाहवा देत होती.

"मी मशीन नेतेय," ती म्हणाली.

"एकदा ऐक," पंढरीकाका म्हणाले. त्यांनी सुई ठेवलीसुद्धा होती.

आधी नुसती खरखर. मग पेल्यांची किणकिण, कोणीतरी घसा साफ केला, आणि अंधारातून यावा तसा सॅक्सोफोन आला. कृतिकाला जाऊ म्हटलं तरी जाता येईना. तो वाजवणारा काही सांगत नव्हता, काही मागतही नव्हता. रिकाम्या घरात एखादा माणूस दिवे न लावता फिरत असावा, तसा तो एकेका सुरावर हात ठेवून पुढे जात होता. बाबांची पाठ तिला आठवली. तिघांनी डोळे मिटले होते. खोलीतली हवा गार होत चालली होती आणि तिच्यात एक वास मिसळत होता, सिगारेटचा धूर आणि ओली लाकडी जमीन. विठ्ठलवाडीत तसा वास कुठून येणार?

सूर खाली उतरू लागला. उतरता उतरता थांबला.

त्या थांबण्यात एक खुर्ची करकरली. कोणीतरी दम लागल्यासारखा श्वास घेतला. अगदी जवळ. माइकच्या जवळ.

"बाय..."

कृतिका स्पीकरकडे वळली.

"बाय गो... उचल ती... उचल ना गो..."

या लोकांशी बाबा नेहमी शुद्ध बोलायचे, ठेवणीतला सदरा घालावा तसं. घरची बोली त्यांनी या खोलीत कधी आणली नाही. म्हणून वर्षभर यांना शब्द लागले नव्हते. यांनी फक्त सूर ऐकला, आणि तो सुखाचा असणार असं ठरवून टाकलं.

तिने पाहिलं, तर तिघांचे हात वर गेले होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तृप्ती, आणि हात वर. दाद.

"बाबा बोलावतायत!" ती ओरडली. बाजू चालू असताना. त्या खोलीत अशा वेळी आजवर कोणी ओरडलं नव्हतं. "ऐकू येत नाही तुम्हाला? ते अजून बोलावतायत!"

"श्श... कृतिका, बस खाली... थोडीच राहिलीय..."

"उचल गो... दम नाय पुरत..."

ती मशीनकडे धावली. महिपतकाकांनी तिची ओढणी धरली, ती त्यांच्या हातात राहिली. पंढरीकाका उठायला लागले होते, चेहरा पिळवटलेला. "मधेच नको! अगं, मधेच उचललीस तर आम्ही सगळे..."

तिने सुई उचलली.

सॅक्सोफोन तुटला. श्वासही तुटला. धुराचा वास खोलीतून असा गेला, जणू कोणी दार उघडून तो घेऊन गेलं.

आणि सगळं शांत झालं. इतकं शांत, की गाद्यांपलीकडून विठ्ठलवाडी स्टेशनवरचा गाडीचा भोंगा तिला स्वच्छ ऐकू आला. मग खाली रिक्षावाल्याने वैतागून वाजवलेला हॉर्न. म्हणजे कान ठीक होते. पण पंढरीकाका तिच्यासमोर उभे राहून बोलत होते, मानेच्या शिरा ताणून बोलत होते, आणि आवाज येत नव्हता. लक्ष्मीताईंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. आवाज नाही. महिपतकाका पाय ओढत आले, त्यांच्या चपला फरशीवर घासल्या, त्याचाही नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, आणि लक्ष्मीताईंनी आपला गळा दोन्ही हातांनी चाचपला. तिघांचे आवाज त्या अर्ध्यावर तुटलेल्या बाजूत राहिले होते.

पंढरीकाकांनी बोट रेकॉर्डकडे केलं. ठेव. डोळ्यांतून पाणी येत होतं. परत ठेव. बाजू पुरी होऊ दे.

रेकॉर्ड फिरतच होती. सुईची दांडी कृतिकाच्या दोन बोटांत होती. पिसासारखी हलकी वस्तू ती. पण आता जड लागायला लागली होती. आधी भरल्या तांब्याएवढी, मग कळशीएवढी. खालून, रेकॉर्डमधून, कोणीतरी ती ओढत होतं. झटका नव्हता, जबरदस्ती नव्हती. अंधारात चालताना लहान पोर मोठ्या माणसाचं बोट धरून ओढतं ना, तसं, अगदी विश्वासाने.

तिने दुसरा हात खाली लावला.

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज खोलीभर घुमला. "मी नाही ठेवणार. आता तुम्ही काहीही सांगा."

तिघांचे ओठ मिटले आणि ते तिच्याकडे बघत, तिचा हात दमायची वाट पाहत उभे राहिले.