बारा पावलं, चार मिनिटं

पट्ट्याची दोन भोकं ताणलेली होती.

यंत्रवालीने तो खिडकीपाशी उजेडात धरला. टोकाकडून सहावं भोक लांबट झालं होतं. तसंच टोकाजवळचं दुसरंही. एकच मनगट दोन आठवड्यांत इतकं जाड-बारीक होत नाही.

क्लबातल्या मुली तिला यंत्रवालीच म्हणायच्या. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला ती मनगटाचा पट्टा द्यायची. तो रोज झोपताना बांधायचा. झोप, नाडी, पावलं, सगळं त्यात उमटायचं. लागोपाठ दहा रात्रींची सरासरी शांत आली की पडद्यावर हिरवा दिवा लागायचा. मगच मैदान.

गोलरक्षक मुलीला सगळे ‘भिंत’ म्हणत. सरावात तिचं डोकं खांबावर आपटलं, आणि हेडबँडमधल्या सेन्सरने धक्का धोक्याचा असल्याचं तिथल्या तिथे कळवलं. पहिल्या चार रात्री दिवा लाल. नंतरच्या दहा रात्री शांत. मग अंतिम सामना. त्यात चेंडू डोक्याला हलकाच लागला. भिंत पडली ती उठली नाही.

तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. प्रशिक्षकाने पट्टा दुसऱ्याच कुणाला तरी बांधला, अशी तक्रार तिच्या वडिलांनी केली होती. उद्या सुनावणी. प्रशिक्षकाची नोकरी गेल्यात जमा होती. आणि हिरव्या दिव्याखालची सही यंत्रवालीची होती.

“सर, पट्टा तुमच्याकडे कधी होता?” तिने प्रशिक्षकाला विचारलं.

“कधीच नाही. तिच्या घरीच असायचा.”

“बदली गोलरक्षक नव्हती?”

“होती की. तिच्या हातात चेंडू म्हणजे ओला साबण.” तो हसायला गेला, जमलं नाही. “भिंतीला खेळवायची घाई मला होती, नाही म्हणत नाही. पण दिवा तुम्ही दाखवलात, बाई.”

सही करताना तिने फक्त दिवाच पाहिला होता. आज प्रथमच तिने त्या दहा रात्रींची सविस्तर नोंद उघडली.

तीनच्या सुमारास नाडी वाढायची. बारा पावलं. चार मिनिटं थांबणं, तेही उभ्याने. नाडी उतरायची. बारा पावलं परत. नऊ रात्री हेच. दहाव्या रात्री थांबणं एक्केचाळीस मिनिटांचं, आणि नाडी उतरलीच नव्हती. सरासरीच्या पोटात हे सगळं गडप झालं होतं.

दुपारी ती भिंतीच्या घरी गेली. दार वडिलांनी उघडलं. तेही जुने गोलरक्षक. जाड मनगट, मोडून जुळलेली वाकडी बोटं.

“रात्री ती उठून बाहेर यायची का हो?” यंत्रवालीने आत बसलेल्या आईला विचारलं.

“उठली तरी बाहेर कशाला यायची? बाथरूम तिच्या खोलीतच आहे,” आई म्हणाली. “आणि मला कुठलं कळायला? मी एकदा आडवी झाले की ढोल बडवा. हे बाहेर सोफ्यावर झोपतात, पाठीमुळे. यांना विचारा.”

आई चहा टाकायला आत गेली.

यंत्रवाली सोफ्यापासून मुलीच्या बंद दारापर्यंत चालत गेली. मनात मोजत. बारा.

“काका, पट्टा तुम्ही बांधला होता.”

“काय वाट्टेल ते बोलताय!”

“सहाव्या भोकावर तिचं मनगट, त्या चार लाल रात्रींचं. दुसऱ्यावर जाड मनगट, पुढच्या दहा रात्रींचं. पाण्यासाठी उठलेला माणूस वाटेत चार मिनिटं उभा राहत नाही. झोपलेल्याचा श्वास ऐकणारा राहतो. श्वास ऐकू आला की तुमची नाडी उतरायची. ते सगळं उमटलंय.”

वडील खाली बसले.

“आमच्या वेळी डोक्यावर पाणी ओतायचे आणि परत उभं करायचे. मला काय झालं? ती म्हणाली, बाबा, पट्टा टोचतो म्हणून झोप येत नाही, बाकी मी ठणठणीत आहे. वर्षभर घाम गाळला होता पोरीने. मला खात्री होती.”

“खात्री होती, तर रोज उठत का होतात?”

ते आपल्या वाकड्या बोटांकडे पाहत राहिले.

“आणि दहाव्या रात्री?”

“जागी होती. डोकं दोन्ही हातांत धरून बसलेली. मला बघून हसली. म्हणाली, ‘बाबा, फक्त उद्याचा दिवस.’ मी दारातच उभा राहिलो.”

“मग सरांचं नाव का घेतलंत?”

“कुणाचा तरी दोष असायला हवा होता ना.”

“थोडा माझाही आहे,” यंत्रवाली म्हणाली. “उद्या मी तोही सांगणार आहे.”

मागे काहीच वाजलं नव्हतं, तरी दोघांनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आई ट्रे धरून उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. चहावर साय धरली होती.

“अहो,” ती म्हणाली, “मी पलीकडच्याच खोलीत होते. मला का नाही हो उठवलंत?”