सहानंतरचे भास्करराव

भास्करराव हेर्लेकरांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी सोमवारच्या बैठकीला त्यांनी एकदाही दांडी मारली नव्हती. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात, लांबलचक टेबलाच्या टोकाला, त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर एक काळा स्पीकर ठेवलेला असे. बैठकीची वेळ झाली की त्यातून आधी खाकरल्याचा आवाज येई आणि मग, "चला, विषय घ्या." नवी पोरं सुरुवातीला दचकत. पुढे त्यांनाही सवय होई.

या यंत्रणेला कंपनीत 'निर्णयछाया' म्हणत. कंपनी स्थापन झाल्यापासूनच्या प्रत्येक बैठकीचं ध्वनिमुद्रण तिला ऐकवलेलं होतं. भास्करराव कोणत्या प्रश्नावर काय म्हणाले, कुठे अडले, कुठे चिडले, हे सगळं ती शिकली होती. मृत्युपत्रात त्यांनी आपलं निर्णायक मत तिच्या स्वाधीन केलं, आणि वर अट घातली की तिला नवं काही शिकवायला कुणी जायचं नाही. आपल्या माघारी आपल्या तोंडी दुसऱ्याचे शब्द नकोत, एवढीच त्यांची काळजी. माणूस हुशार होता, पण हुशार माणसाची चूकसुद्धा पक्क्या बांधणीची असते!

आजच्या बैठकीला त्यांची पत्नी कुमुदताई आल्या होत्या. उद्घाटनाचा नारळ फोडल्यानंतर त्यांचं पाऊल इथे आजच पडत होतं. घर कचेरीत आणायचं नाही आणि कचेरीचा माईक घरात येऊ द्यायचा नाही, हा नवऱ्याचा नियम त्यांनी निमूट पाळला होता. आज मुलीने, म्हणजे कंपनीची कार्यकारी संचालक असलेल्या मंजिरीने, त्यांना हट्टाने आणलं होतं.

विषय होता 'निश्चल'चा. कंपवाताने थरथरणारे हात शांत करणारं हे उपकरण, कंपनीचं पहिलं अपत्य. छातीच्या कातडीखाली पेढ्याएवढी चकती आणि तिथून मेंदूपर्यंत गेलेली बारीक तार. मेंदू सारखा बदलत असतो, म्हणून कारखान्यातली यंत्रणा त्या चकतीचे स्पंद दर आठवड्याला दुरूनच जुळवून घेई. ही जुळणी थांबली की काही महिन्यांत हात पुन्हा थरथरू लागणार. पहिल्या पिढीच्या उपकरणांची जुळणी आता बंद करायची, असा प्रस्ताव होता. नवं उपकरण बसवायचं तर पुन्हा डोक्याची शस्त्रक्रिया, आणि कुमुदताईंचं हृदय ती सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिलं 'निश्चल' त्यांच्यासाठीच बनलं होतं, आणि ते अजून त्यांच्याच छातीत होतं. बायकोच्या हातातली कपबशी वाजायची थांबावी म्हणून या माणसाने एवढा कारखाना उभा केला होता.

"जुने रुग्ण हयात आहेत तोवर जुळणी चालू ठेवावी," मंजिरी म्हणाली. "तांत्रिक अडचण काही नाही. मुल्लासाहेबांनी तपासलंय."

"दोन माणसं लावली की भागतंय," मुख्य अभियंता रियाज मुल्ला म्हणाले.

स्पीकर खाकरला. "जुन्याला कवटाळून बसलं की नव्याची वाढ खुंटते. नामंजूर."

मुल्लांनी मान खाली घातली. हा नकार त्यांच्या चांगला ओळखीचा होता. भास्करराव हयात असताना असले नकार त्यांनी ढिगाने पचवले होते, कारण सकाळी हमखास घरून फोन यायचा, "मुल्ला, कालचं विसरा. लागा कामाला." बैठकीतला शब्द साहेबांनी फिरवला असं दिसू नये, म्हणून त्या फोनची नोंद कुणी कधी केली नाही. सगळ्यांनी मिळून साहेबांचा मान राखला, आणि छायेच्या वाट्याला आले नुसते नकार. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

नकार आणि फोन यांच्या मधली संध्याकाळ एकट्या कुमुदताईंना ठाऊक होती. सहा वाजता ते घरी येत, स्वयंपाकघरात स्टूल ओढून वालपापडी निवडायला बसत आणि दिवसभराची भांडणं सांगत. त्या फारसं बोलत नसत. मधेच एखादं, "पण अहो, त्या माणसांनी जायचं कुठे?" एवढंच म्हणत. मग ते बराच वेळ गप्प बसून शेंगा मोडत राहत.

"बाबा," मंजिरी म्हणाली, "पहिली रुग्ण आई आहे."

"हेर्लेकर मॅडम, नात्यातले विषय बैठकीत नकोत. हा नियम सर्वांना सारखा."

अगदी त्यांचंच वाक्य, त्यांच्याच ठसक्यात. कंपनीची घटना, मृत्युपत्र, मताधिकार, सगळं मंजिरीने वकिलांकडून तपासून घेतलं होतं, आणि सगळं काळ्या दगडावरची रेघ होतं.

कुमुदताई खुर्ची सरकवून स्पीकरजवळ गेल्या. त्यांनी पदर सारखा केला. इतक्या माणसांत नवऱ्याशी बोलायची त्यांना लाज वाटत होती, आणि जीव तर तीळतीळ तुटत होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "त्या माणसांनी जायचं कुठे?"

छाया थांबली. एवढी ती कधीच थांबत नसे. मंजिरीने टेबलाची कड घट्ट धरली.

"क्षमा करा," भास्कररावांचा आवाज म्हणाला. "आपण कोण? आपला आवाज माझ्या ओळखीचा नाही."

स्पीकर पुन्हा खाकरला.

"बाहेरच्या पाहुण्यांना चहा द्या आणि गाडीपर्यंत नीट सोडून या. पुढचा विषय घ्या."

मंजिरी आईला धरून बाहेर आली. ती रडत होती. भिंतीवर भास्कररावांची मोठी तसबीर होती, खाली 'संस्थापकांचा वारसा' अशी अक्षरं. कुमुदताईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांना हातांची आठवणसुद्धा राहिली नव्हती. दुसरंच काहीतरी त्यांच्या मनात घुसलं होतं आणि ते काही केल्या निघेना.

"मंजू," त्या म्हणाल्या, "मी नसते, तर ते असेच असते का गं?"