सॉस कुणाच्या हातचा?

घाटकोपरच्या त्या वाण्याकडे व्हिनेगरच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या, आणि दोन्ही जयवंतने उचलल्या. मागे उभ्या असलेल्या शकुला असा राग आला… पण तो वळून हसला आणि गेला की हो राग!

"एक हवीय का?"

"हवीच! सॉस करायचाय. चायनीजच्या गाडीवर देतात ना, लाल, लसणीचा – तो."

"घरी? येतो तुला?"

"झकास येतो!"

येतो कसला डोंबलाचा! टायपिंग क्लासच्या मैत्रिणीने तोंडी सांगितलेलं, तेवढंच. पण बोलून गेली.

जयवंतने एक बाटली तिच्या हातात ठेवली. "मग मंगळवारी समोरच्या बसस्टॉपवर चाखायला दे. मी साकीनाक्याला फिटर आहे… ही दुसरी बाटली आईच्या लोणच्याला."

रविवारी शकुने सुक्या मिरच्या गरम पाण्यात भिजवल्या, पाट्यावर बारीक वाटल्या, लसूण ठेचली. इथवर ठीक. पण तेल धूर येईस्तोवर तापवलं, त्यात लसूण टाकली, वर मिरची ओतली – वाट लागली! लसूण काळीठिक्कर, अख्ख्या चाळीला ठसका. शेजारच्या सुंदराबाई तोंडावर पदर धरून ओरडल्या, "कुणाची दृष्ट काढत्येस गं?"

आता मंगळवारी काय दाखवणार? शकु गुपचूप स्टेशनजवळच्या गाडीवर गेली आणि तिथला सॉस बाटलीत भरून आणला.

बसस्टॉपमागच्या बाकावर बसून जयवंतने तो पावाला लावला. एक घास खाल्ला आणि थबकला.

"यात आंबट काय घातलंस?"

"व्हिनेगर. तूच तर दिलंस!"

"बाकी काही नाही?"

"नाही रे. हा माझा सॉस, माझी रीतच वेगळी."

त्याने बाटली उजेडात धरून पाहिली. मग उरलेला सॉस पावाने पुसूनपुसून खाल्ला. "हाताला चव आहे हां तुझ्या, शकु."

पुढच्या मंगळवारी पुन्हा बाटली, त्याच्या पुढच्यालाही. तो कौतुक करायचा, ती मान खाली घालायची. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी लाजतेय. लाजते कसली, शरमेने मरत होती बिचारी! आज सांगते, आज नक्की सांगते, असं घोकत यायची… आणि त्याचं हसू दिसलं की जीभच रेटायची नाही. खरं कळलं तर हा परत तोंड दाखवेल का?

चौथ्या सोमवारी संध्याकाळी ती रिकामी बाटली घेऊन गाडीवर गेली. गाडीमागे वाकून कुणीतरी मोठ्या डब्यातला सॉस बरणीत ओतत होतं. त्याने मान वर केली.

जयवंत!

शकुला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. बाटली लपवायलाही सुचेना.

"मी खोटं बोलले," ती पुटपुटली. "मला नाही येत. एकदाच केला, तोही जाळला. तू खाल्लास तो सगळा… इथलाच."

"माहितेय."

"कधीपासून?"

"पहिल्या घासापासून. आई यात कोकमाचं आगळ घालते. घरी आम्हीच करतो, मी गाड्यांवर पोचवतो." आता त्याची मान खाली गेली. "कारखान्याला टाळं लागून आठ महिने झाले गं. तुझ्यासमोर फिटर म्हणायला बरं वाटलं. लोणचंबिणचं काही नव्हतं, ती बाटलीही सॉसलाच होती."

शकुचे डोळे भरून आले. "मग पकडलं का नाहीस मला? मजा बघत होतास?"

"मजा?" डब्याचं झाकण लावता लावता त्याचे हात थांबले. "आमच्या घरचा सॉस तू 'माझा' म्हणालीस. म्हटलं… म्हणू दे. खरंच होऊ दे ना तिचा."

तिने ओढणीने डोळे पुसले.

"रविवारी येते तुमच्याकडे. पण आईंना आधी मीच सांगणार. सगळं, खरं खरं."

"ती हसेल हां."

"हसू देत," शकु म्हणाली. "तू फक्त शेजारी उभा राहा."