देठाच्या खुणा

झाडं ओळखणं हे माझं पोटापाण्याचं काम. लोक प्रयोगशाळेत फांद्या आणून देतात, मी जात सांगते. त्यामुळे मावशीने फोनवर अक्रोडाच्या रोपाचं विचारलं, तेव्हा मला बरंच वाटलं. मागच्या हिवाळ्यात काका फिरायला म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. पोलिसांनीही शोध सोडून दिला होता. काकांनी कुठूनसे आणलेले अक्रोड तिने माझ्याच सांगण्यावरून ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये ठेवले, थंडी सरल्यावर परसात पेरले. त्यातला एकच रुजला.

परसात गेले आणि थबकले. पहिल्या वर्षी अक्रोड गुडघ्याला लागला तरी पुष्कळ. हा छपराला टेकला होता.

पानं गळून गेली होती. अक्रोडाचं पान गळलं की फांदीवर देठाची खूण राहते. तिच्यात तीन ठिपके, दोन डोळे आणि तोंड असल्यासारखे. कॉलेजात आम्ही तिला माकडतोंड म्हणायचो. काही जातींत त्या डोळ्यांवर भुवईसारखी लव असते, काहींत नसते. जात ओळखायला तेवढं पुरतं.

मी भिंग लावलं. लव होती, पण एकाच डोळ्यावर. खालची खूण पाहिली, खोडावरच्या पाहिल्या. सगळीकडे तेच. अशी जात माझ्या पाहण्यात नव्हती, तसं मी मावशीला सांगितलं.

ती म्हणाली, "यांनाही एकच भुवई होती. दुसरी भाजली, ती पुन्हा आलीच नाही. रोज पेन्सिलीने काढायचे. तुम्हा कुणाला कळू दिलं नाही."

योगायोग असेल, असं काहीतरी मी पुटपुटले. गाभा पाहिला की शंका फिटेल म्हणून चाकू काढला.

"कापायलाच हवं का गं?"

मी डहाळी कापली, उभी चिरली. अक्रोडाच्या गाभ्यात शिडीसारखे आडवे पडदे असतात, मधले कप्पे रिकामे. ते तसेच होते.

पण डहाळी गरम होती. माणसाचं अंग असतं तशी.

ती हातातून पडली.

मावशी खोडापाशी गेली होती. दुखऱ्या कपाळावरून फिरवावा तसा हात फिरवत होती. "झालं हं, झालं," ती म्हणाली.

तिच्या बोटांशेजारच्या खुणा मी मघाशीच पाहिल्या होत्या. आता त्यांत डोळ्यांचे ठिपके नव्हते. त्या जागी बारीक आडव्या रेघा होत्या, घट्ट मिटलेल्या.