सायकलवरून अल्बेनिया

"अमोल, तो सामोसा खाली ठेव आणि समोर बघ!" निकिताने धाकट्या भावाला कोपर मारलं.

"सामोसा तोंडाने खातोय मी, डोळे मोकळेच आहेत!" अमोल म्हणाला आणि त्याने चौथा सामोसा उचलला.

नाशिकच्या एका हॉटेलचा तो थंडगार हॉल बागाईतदारांनी भरला होता. नाताळची सुट्टी म्हणून दीपककाकाने तिघा मुलांनाही बरोबर आणलं होतं. निकिता तेराची, अमोल नऊचा आणि काकाचा मुलगा तनय बाराचा. तनय शहरात राहतो. चिखल दिसला की बूट उचलून चालतो. पण डोकं चांगलं आहे, उगीच नावं ठेवू नयेत.

समोर टाय लावलेले शामसुंदर साहेब गोड गोड बोलत होते. "मंडळी, गोवा जुना झाला! आता जग निघालंय अल्बेनियाला! भूमध्य समुद्राचा निळाशार किनारा! आज हात घातलात तर तुमचं, उद्या म्हणाल तर दुसऱ्याचं! आणि एक पैसा द्यायचा नाही. इथली जमीन आमच्या नावावर, तिथला व्हिला तुमच्या नावावर!"

भिंतीवर व्हिडिओ सुरू झाला. पांढरा बंगला, पोहायचा तलाव, पलीकडे निळं पाणी.

"कालच दुपारी शूट केलाय, अगदी ताजा! आणि तुम्ही द्राक्षवाले, म्हणून खास बघा, बंगल्यामागे द्राक्षबागसुद्धा!"

"वाऽऽ!" सगळा हॉल म्हणाला. दीपककाकाचे तर डोळेच पाणावले.

काका मनाचा वाईट नाही हो. उलट मऊच. "आईला समुद्र दाखवीन," असं त्याने वडिलांना त्यांच्या शेवटच्या आजारपणात कबूल केलं होतं. तेव्हापासून त्याला जिथेतिथे समुद्र दिसे. आता तो गिरणारे गावाजवळचा वरचा मळा देऊन समुद्रकाठी बंगला घेणार होता. उद्या सकाळी दहाला शामसुंदर साहेब कागद घेऊन घरी येणार आणि फुलाआजी सही करणार. वरचा मळा म्हणजे घरातली सगळ्यांत चांगली बाग. निकिताचे वडील, चंदर, त्या बागेवर लेकरासारखी माया करत. पण धाकट्या भावाला नाही म्हणायला त्यांची जीभ कधी उचललीच नव्हती.

"ताई," अमोल तोंडातला घास सांभाळत म्हणाला, "अल्बेनियातपण घडांना पेपर लावतात?"

निकिताने डोळे बारीक केले. बंगल्यामागच्या बागेत प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता. उन्हाने आणि थंडीने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून नाशिकला लावतात, अगदी तसाच!

"पेपर सोड," ती पुटपुटली. "आधी हे सांग, डिसेंबरात तिकडे घड आलेच कुठून?"

"म्हणजे?" तनयने विचारलं.

"अरे शहाण्या, आपली द्राक्षं जानेवारीनंतर बोटीने युरोपात का जातात? तेव्हा तिकडे वेलीला पानसुद्धा नसतं म्हणून! काड्या असतात नुसत्या! हॉलमधले निम्मे लोक तिकडे माल पाठवतात आणि एकाच्याही लक्षात येत नाही!"

खरंच आलं नव्हतं. सगळे त्या पोहायच्या तलावाकडे बघत होते! ज्यांना विहिरीत उतरायची भीती वाटते, तेसुद्धा.

गाडीत बसल्या बसल्या निकिताने काकाला सगळं सांगितलं. काका हसला. "लहान तोंडी मोठा घास! तिथे थंडीतसुद्धा पिकणारी नवी जात असेल. साहेब टाय लावून खोटं बोलतील का?"



घरी आल्यावर तनयने साहेबांनी काकाच्या फोनवर पाठवलेला व्हिडिओ आपल्या फोनवर घेतला. तिघं डोक्याला डोकं लावून पुन्हा पुन्हा बघत बसली.

"थांबव! थांबव!" अमोल किंचाळला. "तो कोपऱ्यातला पोपटी टोपीवाला! लहानूमामा आहे तो!"

लहानूमामा म्हणजे पेठकडून मजुरांची टोळी घेऊन येणारे मुकादम. दर वर्षी यांच्याही बागेत पेपर लावायला येत. निकिताने लगेच फोन लावला.

"लहानूमामा, तुम्ही अल्बेनियाला कधी गेलात?"

"कोन्तं गाव म्हनलं? पेठच्या पुढं हाय का?"

"बरंच पुढे! मामा, काल तुम्ही कुठे होता?"

"धरनाच्या काठाला. त्यो पांढरा बंगला नाय का, लगीनवाले फोटो काढाया भाड्यानं घेत्यात, त्याच्या मागं बाग हाय. काल क्यामेरावाले आले, म्हनले, मामा, हालू नका. मी काय, दोन मिनिटं पुतळा झालो! उद्याबी तिथंच काम हाय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गंगापूर धरण! सायकलवर चाळीस मिनिटं!

"चला, काकाला सांगू," अमोल म्हणाला.

"नको," निकिता म्हणाली. "पुन्हा नवी जात काढेल. त्याला डोळ्यांनीच दाखवायला हवं."

पण उद्या दहाच्या आत परत आलो नाही तर? निकिता आजीकडे गेली. आजी लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला पटत नवतंच," ती म्हणाली. "पर पोरगं माझ्यासाठीच येडं झालंय. त्याचं मन मोडवंना."

"आजी, सही करायला थोडा उशीर लाव फक्त!"

"थोडा?" आजीने नाक उडवलं. "माझी सही तू पाहिली नाय अजून!"

सकाळी आठलाच तिघं सायकली घेऊन निघाली. गार वारा नुसता बोचत होता. वाटेत तनयची साखळी दोनदा पडली आणि ती बसवण्यात अर्धा तास गेला.

"शहरात साखळी पडली की काय करतोस रे?" निकिताने विचारलं.

"पप्पांना फोन!" तनय काळे हात पँटला पुसत म्हणाला.

बंगल्याच्या फाटकावर गोटीराम राखणदार काठी घेऊन बसला होता. "कोणाचे रे तुम्ही? मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल नाही टाकायचं!"

"जरा गच्चीवरून धरण बघतो, काका—"

"धरण रस्त्यावरूनही दिसतं! पळा!"

आली का पंचाईत! तेवढ्यात मागून लहानूमामांची टोळी आली. सगळ्यांच्या डोक्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. निकिताने मामांच्या कानात काहीतरी सांगितलं. मामा खुदकन हसले.

आणि पाचच मिनिटांत बागेच्या बाजूच्या वाटेने टोळी आत गेली. रांगेच्या शेवटी तीन गठ्ठे जरा जास्तच डगमगत होते.

"माझी मान मोडली!" मधला गठ्ठा कुजबुजला.

"गप! गठ्ठे बोलत नसतात!" पुढचा गठ्ठा म्हणाला.

बागेतून बंगल्याचं मागचं दार चार पावलांवर होतं, आणि सताड उघडं! तिघं मामांना बरोबर घेऊन जिना चढून गच्चीवर पोचली. पहिलं पाऊल टाकताच अमोल ओरडला, "तोच तलाव! तेच पाणी!"

इकडे शामसुंदर साहेब दहाच्या आधी अर्धा तास हजर! भामट्याला नेहमीच घाई असते. ओट्यावर सतरंजी घातली होती. चंदर खांबाला टेकून उभे होते. कागद आजीपुढे सरकले.

"करा, आजी!"

आजीने पेन हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. मग एक 'फ' काढला. गवंडी पायाचा दगड बसवतो ना, तसा बसवला. मग त्याला उकार दिला. मग पाणी मागितलं.

"आजी, पुढचं अक्षर," साहेब म्हणाले.

"घाई करू नका. वाकडं आलं तर तुमचाच कागद खराब होईल." आजीने 'ल' काढला. मग काना द्यायला पेन टेकवलं आणि विचारलं, "साहेब, तिकडं समुद्राचं पानी कसं असतं हो?"

"एकदम निळं! परवाच तर पाहून आलो!"

"परवा तिथं, काल नाशकात? लय पळता बाई तुम्ही."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. काना झाला. 'बा'ही झाला. आता एकच अक्षर, 'ई', उरलं होतं. चंदरांनी डोळे मिटून घेतले. इतक्यात दीपककाकाचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल!

"काका, दिसतेय का मी?" पडद्यावर निकिता हात हलवत होती. मागे बंगल्याच्या गच्चीचा पांढरा कठडा, खाली तोच तलाव आणि पलीकडे निळंशार पाणी. "तुमच्या व्हिलात उभी आहे! अल्बेनियाला!"

"अगं, तू... तिकडे कशी गेलीस?" काकाचं तोंड उघडंच राहिलं.

"सायकलवर! तनयची साखळी पडली नसती तर आणखी लवकर पोचलो असतो! आणि हे बघा, अल्बेनियाचे बागाईतदार!"

पडद्यावर पोपटी टोपी आली. "राम राम, दीपकभाऊ! लहानू बोलतोय. साहेबांना म्हनावं, परवा हालू नका म्हनले तवा मी श्वासबी घेतला नवता!"

आजीने पेनाला शांतपणे टोपण लावलं.

शामसुंदर साहेब कागद काखेत मारून गाडीकडे धावले. पण गाडीमागे ट्रॅक्टर आडवा उभा होता, आणि त्याची किल्ली चंदरांच्या मुठीत होती.

"कधी लावलास रे दादा?" काकाने विचारलं.

"मघाशीच," चंदर म्हणाले. "काल रात्री पोरांची कुजबूज ऐकली होती. बसा, साहेब. पोलीस येईपर्यंत चहा घ्या."

साहेब मटकन सतरंजीवर बसले. चहा काही त्यांनी घेतला नाही. दीपककाकाने मात्र तेवढ्या वेळात हॉलमधल्या अकरा जणांना फोन केले आणि अकराही सह्या थांबवल्या. प्रत्येकाला तो म्हणे, "मी मूर्ख ठरलो, तुम्ही ठरू नका."

मुलं घामाघूम होऊन परत आली तेव्हा अंगणात निम्मं गाव जमलं होतं.

"या, या, परदेशवारी करून आलेले!" आजीने तिघांच्या गालांवरून हात फिरवला आणि जमलेल्या बागाईतदारांकडे वळली. "बघा रे! उभा जन्म द्राक्षात घालवला तुम्ही आनि घड कुनाला दिसले? या सामोसे खानाऱ्या पोराला! आनि हा तनय, शहरात राहूनबी उपयोगाचा निघाला!"

तनयने काळे हात मागे लपवले, पण हसू काही लपलं नाही.

चंदरांनी निकिताला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो बराच वेळ उचललाच नाही.

दीपककाका खाली मान घालून बसला होता. "आई, तुला समुद्र दाखवायचा होता गं. एवढंच."

"मग दाखव की! मी नको म्हनाले का?" आजी त्याच्याजवळ टेकली. "तनय, ते गाव खरंच हाय का रे?"

"अल्बेनिया? खरा देश आहे, आजी! समुद्रपण खरा. लोक सुट्टीला जातात तिकडे."

"झालं तर! माल उतरला की सगळे जाऊ. पान्यात पाय बुडवू, आनि घरी येऊ. दीपक्या, तिकिटं तू काढायची."

"काढतो, आई!" काकाचा चेहरा उजळला. "आजच बघतो!"

"आनि ऐक," आजी म्हणाली, "परतीचं आधी काढ!"