एकोणसाठचं डोकं

हॅट डोक्यातून निघत नव्हती.

म्हणजे हलत होती, पण निघत नव्हती. बसथांब्यावर उभी राहून मी ती आधी हळूच वर ओढली, मग जरा जोरात, आणि मग अशी ओढली की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाई पिशवी छातीशी धरून दोन पावलं लांब सरकल्या. मी त्यांच्याकडे बघून हसले, तर त्या आणखी एक पाऊल सरकल्या.

रस्त्यापलीकडे दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये एक अरुंद दुकान अंग चोरून उभं होतं. काचेवर लिहिलं होतं – ‘जुन्या हॅट दुरुस्त करून मिळतील’. माझं नशीब एवढं चांगलं एरवी नसतं. मी तशीच, अर्धी हॅट कपाळावर आणि अर्धी कानावर, आत शिरले.

आत वाफेचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. किटलीसमोर एक जण पाठमोरा उभा होता. तो वळला, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि किटली शांतपणे बंद केली.

“निघत नाहीये,” मी म्हटलं.

“दिसतंय.” तो हसला नाही. पण ओठाच्या एका कोपऱ्यात त्याने काहीतरी लपवलं, हे मला नक्की दिसलं. “बसा. बायकांच्या जुन्या हॅटमध्ये आत छोटी फणी शिवलेली असते, केसांत धरून राहावी म्हणून. तुमचे केस तिने धरलेत... आणि सोडायची तिची इच्छा दिसत नाही.”

“तिची इच्छा कोण विचारतंय? काढा.”

“केस कापू की फणी तोडू?”

“दोन्ही नको.”

“मग वेळ लागेल.”

“किती? मी बसगाड्यांची वेळापत्रकं करते. मला आकडा लागतो.”

“वीस मिनिटं,” तो म्हणाला. मग माझ्या मागे येऊन उभा राहिला. “तुम्ही बोलत राहिलात तर तीस.”

पस्तीस लागली. एकेक बट तो इतकी हळू सोडवत होता, की दुखेल म्हणून आवळलेले माझे दात कधी सैल झाले ते कळलंच नाही. हॅट हातात आल्यावर त्याने ती आधी उलटी करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि टेप काढली. माझ्या कपाळावरून, कानांच्या वरून, मागे... बोटं क्षणभर कानाला लागली आणि लगेच उचलली गेली.

“हॅट छप्पन्नची. तुम्ही एकोणसाठ.”

माझं डोकं हा आमच्या घरातला जुना विषय. शाळेच्या बँडमधून मी बाहेर पडले ती बेसूर होते म्हणून नाही, तर माझ्या मापाची टोपी नव्हती म्हणून. बाबा अजूनही म्हणतात, की मला चालायला उशीर झाला, कारण तोल सांभाळायचा होता. त्यामुळे एकोणसाठ ऐकून मी काही हादरले नाही. मी फक्त विचारलं, “तीन सेंटिमीटर वाढवता येईल?”

“एका हॅटमध्ये?”

“नऊ.”

त्याने टेप खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसला. मग मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. अनोळखी माणसाने तुमच्या केसांतून पस्तीस मिनिटं फणी सोडवली, की तो फारसा अनोळखी राहत नसावा.

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तीस वर्षं तिने कानाला यंत्र लावून इतरांचे फोन जोडून दिले. “माझा आवाज अर्ध्या शहराने ऐकलाय, मला कोणी बघितलेलं नाही,” असं म्हणायची, आणि घराबाहेर पडताना न चुकता हॅट घालायची. तिने लग्न केलं नाही. शेवटची दोन वर्षं मी तिच्याकडे राहत होते. तिचे हात वर जाईनासे झाले होते, म्हणून रोज संध्याकाळी ती कपाटाकडे बोट दाखवायची, मी तिच्या डोक्यावर हॅट नीट बसवायचे, आणि आम्ही दोघी खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायचो. त्या खिडकीसारखी मजा मला नंतर कुठेच आली नाही.

ती गेल्यावर मोठ्या काकांना तिची चिठ्ठी सापडली. ‘माझ्या हॅटची वाटणी करू नये. जिच्या डोक्याला बसतील त्या भाचीने सगळ्या घ्याव्यात.’ ही चिठ्ठी तिने लिहिली तेव्हा मी आणि माझी चुलत बहीण शाळेत होतो आणि माझं धरून दोघींची डोकी अजून छप्पन्नच्या आत होती. आता चुलत बहीण – धाकट्या काकांची मुलगी, सत्तावीस वर्षांची झाली तरी आम्ही तिला छकुलीच म्हणतो – बरोबर छप्पन्न. आणि मोठे काका मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. लिहिलंय म्हणजे लिहिलंय. चार आठवड्यांनी रविवारी आत्याच्या घरी सगळे जमणार, आणि दोघींनी हॅट घालून दाखवायच्या.

“छकुलीला त्या फोटो स्टुडिओला भाड्याने द्यायच्यात,” मी म्हटलं. “वाईट नाही ती. तिला त्या छान दिसतात, एवढंच. मला...”

त्याने खालमानेने ऐकून घेतलं. मग टेबलावरून एक लाकडी साचा उचलला. डोक्याच्या आकाराचा, मधोमध चिरलेला, दोन भागांना जोडणारा एक स्क्रू. “वाफ द्यायची, साचा आत घालायचा, आणि रोज एक फेरा. घाई केली तर ही दाबलेली लोकर फाटते. आतला चामड्याचा पट्टा काढून रेशमी फीत लावू, थोडी जागा तिथे मिळेल. एका हॅटला तीन दिवस.”

“नऊ त्रिक सत्तावीस. आणि माझ्याकडे अठ्ठावीस आहेत,” मी म्हटलं. “साचा एकच आहे?”

तो किटलीकडे वळला. “एकच.”

“आणि मी काय करायचं?”

“रोज यायचं. माप घ्यायला डोकं हजर लागतं.”

मी रोज साडेपाचला जाऊ लागले. रविवारीही तो माझ्यासाठी अर्धा तास दुकान उघडायचा. मनातल्या मनात मी त्याला हॅटवाला म्हणत होते, आणि तो मला तोंडावर ‘वेळापत्रक’ म्हणायचा.

“आज दोन मिनिटं उशीर, वेळापत्रक.”

“बस चुकली.”

“तुमचीच बस तुम्हाला चुकते?”

“मी वेळ ठरवते. गाडी चालवत नाही.”

“मान सरळ. हसू नका, माप हलतं.”

“हसल्याने डोकं वाढतं?”

“नाही... माझा हात हलतो.”

असं काहीतरी बोलून झालं की तो एकदम कामात डोकं घालायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. मीही खिडकीबाहेर बघायचे. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक औषधाचं दुकान होतं.

तीन दिवसांनी तपकिरी हॅट माझ्या डोक्यावर बसली – ओढाताण न करता, आपली जागा असल्यासारखी. मग हिरवी. मग राखाडी, जिला आत्या ‘पगारवाढीची’ म्हणायची. प्रत्येक हॅट बसली की तो दोन पावलं मागे जाऊन बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, आणि “फीत नीट बसलीय” म्हणायचा. फितीबद्दल इतकं बोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि खरं सांगते, मला ते पुरत नव्हतं. साडेपाच वाजायच्या आधी ऑफिसात मी तीन वेळा केस विंचरत होते. त्या आठवड्यात मी वेळापत्रकात एक बस अशा थांब्यावर थांबवली, जो दोन वर्षांपूर्वीच बंद झाला होता.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी काकांचा फोन आला. आत्याचं घर घेणारे लोक लवकर येतायत. सगळ्यांनी याच रविवारी जमायचं.

सहा हॅट झाल्या होत्या. तीन बाकी होत्या. त्यांना नऊ दिवस हवे होते आणि माझ्याकडे दोन होते. जेवणाच्या सुट्टीत मी धावतपळत दुकानात गेले. दार उघडं होतं, तो नव्हता. ‘पाच मिनिटांत येतो’ अशी पाटी होती. मला घाम आला होता, पाणी कुठे मिळेल म्हणून मी कोपऱ्यातलं कपाट उघडलं.

आत लाकडी साचे होते. ओळीने मांडलेले, पुसून ठेवलेले, स्क्रूला तेल घातलेले. मी मोजले. पाच. टेबलावरचा धरून सहा.

तो दोऱ्याची रिळं घेऊन आला आणि उघड्या कपाटापुढे मला बघून दारातच थांबला.

“हे किती आहेत?” मी विचारलं.

“सहा.”

“आणि तुम्ही मला काय सांगितलं होतं?”

“एक.”

“का?”

त्याने रिळं टेबलावर ठेवली. एक गडगडत खाली गेलं, ते त्याने उचललं नाही. “सहा दिवसांत नऊही झाल्या असत्या. सातव्या दिवशी... तुम्ही आला नसता.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य ऐकायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं. त्या दिवशी मला फक्त आत्याची रिकामी खिडकी दिसली. “काकांनी रविवार अलीकडे आणलाय. परवा. तीन हॅट राहिल्यात, आणि चिठ्ठीत सगळ्या म्हटलंय. म्हणजे माझ्या हातून नऊही गेल्या. त्या माझ्यासाठी काय आहेत हे तुम्हाला मी इथे बसून सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं.”

“तरी?”

मी नऊही हॅट खोक्यांत भरल्या. त्याने मदतीला हात पुढे केला, मी खोकं बाजूला ओढलं. बसमध्ये खोक्यांच्या ढिगाआड तोंड लपवून मी रडले, आणि रडताना मला कळत होतं की हे सगळं रडू काही हॅटसाठी नाही. त्याने मला जास्तच राग आला.

रविवारी आत्याच्या रिकाम्या दिवाणखान्यात काका, बाबा, मी आणि छकुली एवढेच होतो. सामान गेलं होतं, एक आरसा उरला होता. वाढवलेल्या सहा हॅट मला बसल्या. छकुलीने त्या घातल्या तर नाकापर्यंत खाली आल्या. उरलेल्या तीन तिला बसल्या, माझ्या डोक्यावर मात्र बशीसारख्या राहिल्या.

काकांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. “सगळ्या बसायला हव्यात. दोघींपैकी कोणालाच सगळ्या बसत नाहीत. म्हणजे कोणालाच नाही. कुठल्यातरी संस्थेला देऊन टाकू.”

“काका, ताईला देऊन टाका ना,” छकुली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“तू म्हणतेस म्हणून आत्याचा शब्द बदलत नाही.”

तेवढ्यात दार वाजलं. बाबांनी उघडलं. हॅटवाला उभा होता, खांद्यावर कापडी थैली, तिच्यातून लाकडी साच्यांची टोकं बाहेर आलेली. पावतीवर मी आत्याच्याच घराचा पत्ता दिला होता. माझ्याकडे न बघता तो सरळ काकांसमोर गेला.

“या हॅटचं काम माझ्याकडे होतं,” तो म्हणाला. “ते वेळेत झालं नाही, त्यात यांची काही चूक नाही. माझ्याकडे सहा साचे होते. मी एकच वापरला.”

काकांनी चष्म्यावरून बघितलं. त्या नजरेपुढे तीस वर्षांत कोणी खोटं बोललं नव्हतं. “कारण?”

“सहा वापरले असते तर काम लवकर संपलं असतं.”

“ते समजलं. कारण विचारतोय.”

त्याचे कान लाल झाले. पण या वेळी तो कामात डोकं घालू शकत नव्हता, कारण काम माझ्या हातात होतं. “या रोज यायच्या,” तो म्हणाला. “त्या येणं बंद होऊ नये, म्हणून. मला त्या आवडतात. हे त्यांना सांगायला हवं होतं, ते न सांगता मी त्यांचा वेळ घेतला. तो मला परत करता येईल का, एवढंच विचारायला आलोय.”

बाबा उगाचच छताकडे बघू लागले. छकुलीने माझा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी वळ उठला. मी दोन दिवस त्याला सुनावायची म्हणून ठरवलेली वाक्यं एकेक करून विसरले.

काकांनी चिठ्ठीची घडी घातली. “घर गुरुवारी ताब्यात द्यायचंय,” ते म्हणाले. “बुधवारी संध्याकाळपर्यंत मुदत. साचे किती वापरणार?”

“तीन हॅटना तीन.”

“आणि ही रोज येणार?”

“नाही आल्या तरी चालेल. माप माझ्या लक्षात आहे.”

मी गेले नाही. राग होता, आणि रागापेक्षा जास्त भीती होती की गेले तर तो लगेच निवळेल. बुधवारी संध्याकाळी त्याने तीन हॅट आणून काकांच्या हातात दिल्या आणि दारातूनच निघून गेला. मी आरशासमोर एकेक घातली. शेवटची काळी, आत्याची सगळ्यात लाडकी. माप न घेता तीही बसली, कपाळावर दोन बोटं मोकळी ठेवून, ती आत्याला बसवताना मी ठेवायचे तशी. मी आरशात बघितलं आणि तिची इतकी आठवण आली, की काकांसमोर हुंदका आवरला नाही. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुझ्याच त्या,” ते म्हणाले, आणि स्वतःचे डोळे पुसायला खिडकीकडे गेले.

गुरुवारी ऑफिसातून निघाले तेव्हा डोक्यावर काही नव्हतं, हातात खोकं नव्हतं. साडेपाचला मी त्या दुकानात शिरले. तो कुणाच्या तरी हॅटची कड शिवत होता. सुई हातातच राहिली.

“काही बिघडलं का?” त्याने विचारलं.

“नाही. नऊही बसल्या.”

“मग... फीत सुटली?”

“फीतही नाही.” मी समोर बसले. “आज काही काम नाही. कालही नव्हतं, उद्याही नसेल. मला यावंसं वाटलं, म्हणून आले. तुला विचारायचं होतं, असं आलेलं चालतं का?”

तुला. ते तोंडातून आधी गेलं आणि मला नंतर कळलं. त्याला मात्र लगेच कळलं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि पहिल्या दिवशी ओठाच्या कोपऱ्यात लपवलेलं ते हसू या वेळी त्याने लपवलं नाही.

“राग गेला?” तो म्हणाला.

“अर्धा गेलाय. उरलेला जायला वेळ लागेल.”

“किती? मलाही आता आकडा लागतो.”

“ते नक्की सांगता येणार नाही,” मी म्हटलं. “पण मला तू आवडतोस. पुन्हा खोटं बोलू नकोस. मला थांबवायचं असेल, तर थांब म्हण.”

त्याने सुई टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचली, हातातली हॅट बाजूला ठेवली, आणि म्हणाला, “थांब.”

मी थांबले.