फसवे पर्याय

शनिवारच्या चाचणीत सगळ्यांत आधी उठला तो खिडकीजवळचा उंच माणूस. स्वेटरभर कुत्र्याचे केस घेऊन आलेला. बाकीची मंडळी अजून पहिल्याच पानावर पेन चावत बसली होती. त्यानं पेपर तिच्या टेबलावर ठेवला, तिच्याकडे बघून किंचित हसला आणि दार अलगद ओढून निघून गेला.

गेला बिचारा कोरा पेपर ठेवून, तिला वाटलं. असे दर वेळी एक-दोघं निघायचेच. प्रगत इंग्रजी शब्दसंपत्तीच्या परीक्षेचे नवे प्रश्न आधी अशा हौशी लोकांवर करून बघायचे, ही त्यांच्या कचेरीची रीत. कुणी सरावासाठी येई, कुणी फुकटच्या कॉफीसाठी, आणि बहुतेकांचा चेहरा दुसऱ्या पानापर्यंत उतरलेला असे. कारण प्रश्न तिचे होते. एका शब्दाचे चार अर्थ द्यायचे, त्यांतला एक खरा. बाकीचे तीन इतके गोड, इतके पटण्यासारखे, की चांगला वाचणारा माणूसही वाट चुकावा. कचेरीत सगळे तिला चकवा म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

तिनं सहज त्याचा पेपर पुढं ओढला. पहिलं उत्तर बरोबर. दुसरं बरोबर. पान संपेपर्यंत ती नकळत उभी राहिली होती. शेजारच्या बाईंना खोलीकडे बघायला सांगून ती जिना उतरत पळाली.

तो खालच्या दारापाशी मफलर गुंडाळत होता. ती धापा टाकत दोन पायऱ्या वरच थांबली.

"जरा थांबा… लगूब्रिअस म्हणजे काय?"

त्यानं वर बघितलं. "माहीत नाही."

"अहो, तुम्ही बरोबर उत्तर लिहिलंय."

"हो का? छान."

"आणि नॉइसम?"

"तेही नाही माहीत. नॉइज म्हणजे आवाज, तेव्हा आवाज करणारं काहीतरी असणार, असं पहिल्यांदा वाटलं. म्हणूनच ते सोडून दिलं."

आता तिला राग यावा की हसू, तेच कळेना. नॉइसम म्हणजे घाणेरड्या वासाचं. आणि आवाजाचा तो सापळा तिनं चांगली दुपारभर बसून लावला होता. एवढे सगळे अंदाज बरोबर येत नसतात, ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, अंदाज नव्हताच. उत्तरं तुम्हीच सांगत होतात.

"मी?"

"प्रश्न तुमचेच ना? लोकांची तोंडं कशी बघत होतात… पोराचं पहिलं नाटक बघणाऱ्या आईसारखी." तो दाराला टेकला. "चुकीची उत्तरं तुम्ही जीव लावून लिहिता. त्या लगूब्रिअसचंच बघा. 'हसून हसून पोट दुखवणारा', 'तेल चोपडल्यासारखा गुळगुळीत'. आणि मग मध्येच एक कोरडं ठणठणीत 'दुःखी'. शब्दकोशातून चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखं. तुमचा जीव कशात नाही, तेवढं मी शोधत गेलो."

तिच्याशी तिच्या कामाबद्दल असं आजवर कुणी बोललं नव्हतं. तिनं विचारलं, हे असं बघायला कुठं शिकलात. तेव्हा कळलं की तो जनावरांचा डॉक्टर. त्याचे रोगी दुखणं सांगत नाहीत, उलट लपवतात. दुखरा पाय सोडून भलतीकडेच लक्ष वेधतात. आणि हेही कळलं, की उन्हाळ्यात तो खऱ्या परीक्षेला बसणार होता. घोड्यांच्या एका मोठ्या इस्पितळात वर्षभराचं शिक्षण होतं, परदेशात, आणि तिथं ह्या परीक्षेचे चांगले गुण लागत.

"मग हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ती म्हणाली. "मी आता सगळं बदलणार."

"बदलायलाच पाहिजे." त्यानं दार उघडलं. बाहेरचा गार वारा आत आला. "तुम्ही विचारलंत. मग खोटं कसं बोलू?"

वर येऊन तिनं कोऱ्या कागदानं सगळे शब्द झाकले आणि नुसते पर्याय वाचले. खरं उत्तर दर वेळी आपणहून हात वर करत होतं. इतकी वर्षं ज्याचा तोरा मिरवला, त्यात ही एवढी मोठी भोकं. तिचे कान तापले. पण लाजून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती तडक कचेरीच्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, माझा पेपर शब्द न कळता सोडवता येतो, मला तो पहिल्यापासून परत लिहायचाय.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. हे कुणी दाखवलं, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, आणि तो उन्हाळ्यात परीक्षेला बसणार हेही. बाईंनी लगेच अट घातली, की नव्या प्रश्नांतलं अक्षरही त्या माणसाला दिसता कामा नये, आणि परीक्षा होईपर्यंत इंग्रजी शब्द हा विषय त्याच्याशी निघता कामा नये.

"बोलणं होतं का तुझं त्याच्याशी?"

"अजून नाही," ती म्हणाली. "पण होईल."

त्याचा दवाखाना शोधायला फार वेळ लागला नाही. निमित्त मात्र हवं होतं. घरी आत्याचं मांजर होतं, सुभेदार नावाचं; करड्या रंगाचं, गोल तोंडाचं आणि कायम कुणीतरी मेल्यासारखा चेहरा केलेलं. आई-बाबा गेल्यापासून ती आत्याकडेच राहत होती. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिल्यामुळं कोण कुणाशी का बोलतंय हे तिला आवाजावरून समजे. सुभेदार उदास वाटतोय, डॉक्टरला दाखवून आणते, असं भाचीनं म्हटल्यावर आत्या म्हणाली, तो जन्मल्यापासून उदास आहे, पण ने बापडी. आणि जाताना ती निळी ओढणी घे.

दवाखान्याची खोली लहान होती. औषधाचा, ओल्या लोकरीचा वास, भिंतीला लागून लाकडी बाक. डॉक्टरांनी सुभेदारचे डोळे बघितले, दात बघितले, पोट दाबलं. सुभेदारनं एक जांभई दिली.

"ह्याला काहीही झालेलं नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मग तिनं अट सांगितली. परीक्षेपर्यंत आपल्यात इंग्रजी शब्दाचा अर्थ निघायचा नाही. विचारायचा नाही, सांगायचा नाही.

"मग बोलायचं कशावर?"

"मराठीत पुष्कळ शब्द आहेत."

तेव्हापासून संध्याकाळी दवाखाना बंद झाला की दोघं कालव्याच्या काठानं तिच्या बसथांब्यापर्यंत चालत जाऊ लागली. कालव्याच्या पाण्यावर दिव्यांचे पिवळे पट्टे हलत असायचे. तो सावकाश चालायचा, आणि त्याच्या स्वेटरवरचा एखादा केस ती बोलता बोलता उचलून वाऱ्यावर सोडायची. मग दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूच्या बाहीवर जरा जास्तच केस असायचे.

तो घोड्यांबद्दल बोलायचा. त्याच्या आजोबांची एक घोडी पोटाच्या दुखण्यानं गेली, तेव्हा आसपास घोड्यांचं शस्त्रकर्म येणारा कुणीच नव्हता. तेव्हापासून त्यानं ते मनात घेतलं होतं. एकदा तो तिला सांगत होता, की गाडीत चढवायच्या आधी घोडा कसा एका जागी ठरत नाही, ह्या पायावरून त्या पायावर…

"चुळबुळ," ती म्हणाली.

"हां. चुळबुळ." त्यानं तो शब्द चॉकलेटसारखा तोंडात फिरवला.

ह्याच चुळबुळीला इंग्रजीत एक नेमका शब्द होता, रेस्टिव्ह. ऐकायला विसावल्यासारखा, अर्थ अगदी उलटा. तो तिच्या नव्या पेपरात होता. तिच्या ओठांवर आला, आणि तिनं तो गिळला.

"आत्ता तुमच्या ओठांवर काहीतरी होतं," तो म्हणाला.

"होतं."

"काय?"

"परीक्षेनंतर."

तो थांबला. तिनं मात्र मुळीच वळून बघितलं नाही. आपण काय बोललो ते तिला चांगलं कळलं होतं, आणि शब्द परत घ्यायचा तिचा काहीच विचार नव्हता.

दिवसा ती पेपर लिहीत होती. आता खऱ्या उत्तरांवरही ती तेवढाच जीव लावत होती. 'दुःखी' खोडून 'ज्याच्या तोंडाकडे बघून खोलीतला उजेड कमी व्हावा असा' लिहिलं, तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. असे प्रश्न तिनं पूर्वी कधी काढले नव्हते, आणि हे तिला स्वच्छ माहीत होतं की ते ज्यांना अडवणार त्यांत तोही असेल. एका दुपारी तिचा हात तसाच थांबला. रेस्टिव्हचा प्रश्न काढून टाकावा का? कुणाला कळणारही नव्हतं. पण ज्या माणसानं स्वतःचं नुकसान करून तिला खरं सांगितलं, त्याच्यासाठी लबाडी केली तर मग त्याच्याकडे बघणार कोणत्या तोंडानं? तिनं प्रश्न तसाच ठेवला.

परीक्षा झाली. पेपर तपासणीत तिचा संबंध नव्हता. निकालाच्या दिवशी ती कचेरीतून खाली उतरली, तर तो पायऱ्यांवर बसलेला. त्याच्या खांद्यांवरूनच तिला समजलं.

"थोडक्यात गेली," तो म्हणाला. "अगदी थोडक्यात."

ती त्याच्याशेजारी बसली. दगड उन्हानं तापलेला होता.

"घोड्याचा एक शब्द होता," तो म्हणाला. "मी 'निवांत' लिहून आलो. घरी जाऊन बघितला, तर चुळबुळ."

"मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. "खूप. पण परत काढायला सांगितला, तर पेपर मी तसाच काढीन."

"माहितीय. म्हणून तर…"

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर इथं येऊन बसलोय. नाहीतर घरी गेलो असतो तोंड लपवून." तो हसला, पण त्याचे डोळे ओले होते. "मला पहिल्यांदाच कुणीतरी खरं फसवलं. कुठला पर्याय तुमचा लाडका, काही म्हणजे काही कळेना."

तिनं त्याच्या बाहीवरचा एक केस उचलला, आणि हात मागं घेतलाच नाही.

"हिवाळ्यात परत परीक्षा आहे. तू बस. ह्या वेळी मी शिकवीन."

तो तिच्याकडे वळला. "काय म्हणालात?"

"बस म्हणाले."

"त्याच्या आधी."

"तू म्हणाले. ठरवून म्हणाले." तिचा आवाज जराही हलला नाही. "मला तू आवडतोस. हेच होतं त्या दिवशी ओठांवर, शब्द दुसरा असला तरी."

त्यानं बाहीवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला. मग तो म्हणाला, "तूसुद्धा," आणि पहिलाच 'तू' उच्चारताना थोडासा अडखळला.

हिवाळ्याच्या पेपरातून तिनं स्वतःचं नाव काढून घेतलं. मोठ्या बाई कुरकुरल्या, चकव्याशिवाय पेपर मिळमिळीत होईल म्हणाल्या, पण शेवटी त्यांनी तिला लहान मुलांच्या परीक्षेचं काम दिलं.

आता ती दवाखान्याच्या लाकडी बाकावर त्याला शिकवू लागली. याद्या पाठ करायच्या नाहीत, ही तिची पहिली आज्ञा. शब्दाचं गोत्र शोधायचं, त्याला वाक्यात हिंडवायचं, दिवसातून एकदा तरी कामाला लावायचं. त्यानं स्वतःची युक्ती काढली. प्रत्येक शब्द एकेका रोग्याला देऊन टाकला. अखंड बडबडणारा पोपट गॅरुलस झाला, कशानंही राग न सोडणारी बकरी इम्प्लॅकेबल, आणि लगूब्रिअस अर्थातच सुभेदार. तो चुकला की ती उत्तर सांगायची नाही, नुसती भुवई वर करायची. पुढं पुढं तो मुद्दाम चुकतोय असा तिला संशय येऊ लागला. एकदा तिनं तसं तोंडावर विचारलं, तर म्हणाला, "भुवई वर केलीस की छान दिसतेस, त्याला मी काय करू?"

हिवाळा सरता सरता निकाल लागला. फोन वाजला तेव्हा एका काळ्या कुत्रीचा पंजा त्याच्या हातात होता, आणि बोटांना मलम फासलेलं. फोनवरचा निरोप तिनंच उघडून वाचला. गुण लागत होते त्याहून चांगलेच जास्त होते. शिक्षण वसंतात सुरू होणार होतं.

तिनं वाचून दाखवलं. त्यानं एकदा डोळे मिटले. बाहेरच्या बाकावर आत्या सुभेदारला घेऊन बसली होती. मघापासून चाललेला तिचा खोकला अचानक बंद झाला; ती कान देऊन ऐकत होती.

"वर्षभर जावं लागेल," तो म्हणाला.

"जायचंच आहे. त्यासाठीच एवढा खटाटोप केला ना?"

"तू म्हणालीस तर…"

"मी तसं म्हणणार नाही. सुट्टीत मी येईन तिकडं. तुझे घोडे बघायचेत मला."

तो हसला. पंजावरची पट्टी त्यानं सावकाश बांधून पूर्ण केली, गाठ मारली, आणि तरीही मान वर केली नाही.

"मग जायच्या आधी एक विचारतो. लग्न करशील माझ्याशी?"

"करीन," ती म्हणाली. "आधी हात धुऊन ये."

तो आत गेला. कुत्रीनं टेबलावरून उतरू नये म्हणून तिनं तिचा पंजा हातात धरून ठेवला. आतून नळाचा आवाज येत होता, कितीतरी वेळ. दोन हात धुवायला एवढं पाणी लागत नाही, हे तिला कळत होतं. पण तिनं त्याला हाक मारली नाही. तीही तोवर डोळे पुसून घेत होती.